डबेवाल्या जर्मनाची उरलेली गोष्ट

आमच्या मंडळाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत वेळ काढावा लागतो. मिशिगनमध्ये तेव्हा अंगणात बसायची सोय नसते. चंद्र काचेतून बघायचा आणि हॉलमध्ये खुर्च्या गोलात ओढून गप्पा मारायच्या. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, "सबनीस काका, तो डबेवाला जर्मन सांगा ना."

आणि मी सांगतो. बरीच वर्षं सांगत आलोय. आमच्या सौ.ला, सुनंदाला, ती गोष्ट इतकी पाठ आहे की मी एखादं वाक्य विसरलो तर ती स्वयंपाकघरातून पुरवते.

यंदा केतकी म्हणाली की तीच गोष्ट दिवाळी अंकासाठी लिहून द्या. केतकी आमच्या मंडळाची कार्यवाह. मूळची नागपूरची, ट्रॉयमध्ये मोटारींच्या सॉफ्टवेअरचं काम करते. "काका, लाइट ठेवा," ती म्हणाली. "लोकांना हसायला पाहिजे."

अर्ध्यापर्यंत हसवतो. पुढचं मात्र मी मंडळात कधी सांगितलेलं नाही, आणि ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

आधी माझा धंदा सांगतो, कारण माझ्या मुलीलासुद्धा तो धड माहीत नाही. ती मैत्रिणींना सांगते, "बाबा वर्क्ड इन पेमेंट्स." म्हणजे काय, तर दुकानात गल्ल्याजवळ कार्ड घासायचं जे यंत्र असतं, ते बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होतो. तुम्ही कार्ड घासता, यंत्र दुकानदाराच्या बँकेला विचारतं, ती बँक तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला विचारते, "हा माणूस बरा आहे का?", आणि "बरा आहे" असं उत्तर दोन श्वासांच्या आत परत येतं. पैसे त्या क्षणी कुठेही जात नाहीत, ते मागाहून सावकाश जातात. त्या क्षणी जातो तो फक्त शब्द. लोकांना वाटतं आम्ही पैशाचं काम करतो. आम्ही शब्द पोचवायचं काम करायचो, आणि चोख करायचो. बर्फाच्या वादळात अर्धं गाव अंधारात असताना माझी यंत्रं पेट्रोल पंपावर चाललेली आहेत. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. कार्ड वाईट, रोकड चांगली असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही.

तर जर्मन.

डेट्रॉइटच्या आसपास जर्मन मालकीचे सुटे भाग बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांतल्या एकात, गाड्यांच्या दारांची कुलपं बनवणाऱ्या कारखान्यात, केलर नावाचे हिशेबप्रमुख जर्मनीहून बदलीवर आले होते. पन्नाशी उलटलेली, उंच, वाकून बोलायची सवय. अमेरिकेत मला सगळे "सॅम" म्हणायचे. केलरांनी पहिल्याच दिवशी माझं आडनाव कसं उच्चारायचं ते विचारून घेतलं, आणि शेवटपर्यंत "हेर सबनीस", म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत सबनीस, म्हणत राहिले. मीही त्यांना "हेर केलर" म्हणू लागलो. कारखान्यातल्या लोकांना आम्ही दोघं म्हणजे मोठा करमणुकीचा विषय होतो.

त्यांच्या खिशात एक पाकीट असायचं. पाकीट कसलं, छोटी वीटच. त्यात नाण्यांचा वेगळा कप्पा. अमेरिकेत येऊन त्यांनी बँकेत कार्ड मागितलं तर बँक म्हणाली, तुम्हाला पत नाही. इथे पत म्हणजे तुम्ही पूर्वी कर्ज घेऊन वेळेवर फेडलंय याचा पुरावा. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही तो बँकेच्या लेखी कोणीच नसतो. आपल्याकडून नवीन आलेल्या प्रत्येकाला हा धडा पहिल्या महिन्यात मिळतो आणि आपण तो निमूट गिरवतो. केलर गिरवायला तयार नव्हते. मी त्यांना मार्ग सांगितला की तुम्ही बँकेत काही रक्कम ठेव म्हणून ठेवा, मग तेवढ्याच मर्यादेचं कार्ड ते देतील.

"म्हणजे मी माझे पैसे तुम्हाला द्यायचे," केलर म्हणाले, "तुम्ही ते मलाच उसने द्यायचे, आणि मी ते परत केले की तुम्ही म्हणणार, हा माणूस विश्वासू आहे?"

"अगदी बरोबर."

"आणि हे तुम्ही न हसता सांगता, हेर सबनीस."

शेवटी त्यांनी ते कार्ड घेतलं, कारण त्याशिवाय हॉटेलची खोली आणि भाड्याची गाडी मिळेना. पण काही विकत घेतलं की त्याच संध्याकाळी बँकेत जाऊन बिल भरून यायचे. कार्ड म्हणजे उधारी, आणि उधारी अंगावर घेऊन झोपायचं नाही, एवढं साधं त्यांचं गणित. जुनी गाडी घ्यायला गेले ते नोटांचं पुडकं घेऊन. त्यांच्याकडे ती प्रतिष्ठेची गोष्ट. इथे विक्रेत्यानं पुडकं बघितलं आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं केलरांकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांना वाटलं, आपल्या शर्टाला काहीतरी लागलंय.

मंडळात सर्वांत जास्त हशा मिळतो तो रेस्टॉरंटच्या प्रसंगाला. बिल आलं, केलरांनी कार्ड दिलं, वेट्रेस कार्ड घेऊन आत निघाली. केलर उठले आणि तिच्या मागोमाग चालू लागले. ती वळली, हे थांबले. ती चालली, हे चालले. तिला वाटलं यांना बाथरूम हवंय, म्हणून तिनं बोटानं दिशा दाखवली. "मला बाथरूम नको," केलर म्हणाले, "मला माझं कार्ड बघायचंय."

त्यांच्या गावी वेटर टेबलाशी येतो, प्रत्येकाचा हिशेब वेगळा सांगतो, तुम्ही टिप धरून किती घ्यायचे ते तोंडानं सांगता आणि जागच्या जागी विषय संपतो. इथे कार्ड नजरेआड जातं, सही होते, आणि तुम्ही लिहिलेली टिप तुम्ही निघून गेल्यावर यंत्रात भरली जाते. "म्हणजे माझ्या सहीनंतर आकडा बदलतो?" त्यांनी विचारलं. बदलतो. या धंद्यातल्या कोणालाही विचारा. पण मंडळात मी हे उत्तर सांगत नसे. वेट्रेसची नक्कल करत असे.

सगळे जर्मन असे होते असं नाही. त्याच कारखान्यातले तरुण जर्मन इंजिनियर फोननं पैसे द्यायचे आणि केलरांना हसायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी जे घडलं, लोकांवर पाळत वगैरे, त्यामुळे का तुम्हाला रोख आवडते?"

"हे मला इथे प्रत्येक जण विचारतो," केलर म्हणाले. "नाही. मी काय खातो हे दुसऱ्याला कळावं असं मला वाटत नाही, इतकंच. मी काही वाईट खात नाही. सूप खातो."

आता डबा. कारखान्याच्या कँटीनबाहेर कॉफीचा मोठा थर्मास असायचा. केलरांनी त्याच्या शेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून ठेवला, झाकणाला चीर पाडून. कॉफी घ्यायची, डब्यात नाणं टाकायचं. जर्मनीत म्हणे प्रत्येक कचेरीत असा डबा असतो. त्याच्यावर कोणी लक्ष ठेवत नाही. महिनाअखेरीला त्यातून कॉफीची पूड आणायची, उरलं तर केक. उत्पादनाच्या लाइनवरचे अमेरिकन कामगार आधी हसले, मग त्यांना ते आवडलं. केलर रोज सकाळी वरच्या मजल्यावरून खाली येऊन तिथेच कॉफी प्यायचे, उभ्यानं, कामगारांबरोबर. त्यांचं सगळ्यात जास्त जमायचं अर्लशी. अर्ल त्या लाइनचा मुकादम, धिप्पाड माणूस, स्वतः बोलायचा कमी आणि दुसऱ्याला बोलू द्यायचा.

आणि मग कारखान्यानं कँटीन रोकडमुक्त करायचं ठरवलं. काम आमच्या कंपनीला मिळालं, आमच्या कंपनीत ते मला मिळालं. प्रत्येकाला नावाचं कँटीन कार्ड, पगारातून पैसे वळते, गल्ल्यावर रोख बंद. हिशेबप्रमुख म्हणून केलरांची सही लागणार होती. त्यांनी एकच मागणी केली, की डबा राहू द्या.

"हेर केलर, डबा राहिला तर ते रोकडमुक्त कसं होईल?"

"नव्वद टक्के होईल. नव्वद टक्के वाईट आहे का?"

मी त्यांना समजावलं. समजावायला मला चांगलं येतं. त्यांनी सही केली, मी डबा उचलून त्यांच्या केबिनमध्ये नेऊन दिला. इथवर मंडळाला माहीत आहे. इथून पुढे मी सांगायचो की जर्मन इतका चिडला, इतका चिडला, की कार्डात पैसे भरण्यापेक्षा डबा काखोटीला मारून सरळ जर्मनीला निघून गेला. टाळ्या. दूध तयार.

घडलं ते असं.

डबा गेल्यावर कॉफी कँटीनच्या गल्ल्यावरच घ्यावी लागे, आणि कामगारांची अडचण झाली. दर कॉफीला कार्ड शोधा, ग्रीसनं भरलेले हात पुसा. कोणाच्या कार्डातले पैसे संपलेले, कोणाचं कार्ड घरी. मग अर्लनं स्वतःचं कार्ड कँटीनच्या कॅशियर बाईंकडे, डोरीनकडे, ठेवून दिलं. लाइनवरचा कोणीही आला की डोरीन ते कार्ड यंत्राला लावायची, आणि शुक्रवारी सगळे अर्लच्या हातात नाणी ठेवायचे. डबा गेला होता, पण डब्याची सवय त्यांनी कार्डाला लावली. त्यांच्यात केलरही होते. कारखान्याचे हिशेबप्रमुख स्वतःच्या कार्डात एक डॉलर न भरता अर्लच्या कार्डावर कॉफी पीत होते आणि विटेएवढ्या पाकिटातून नाणी मोजून देत होते.

हे मला माहीत होतं. पाहणीसाठी गेलो तेव्हा गल्ल्याच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेलं कार्ड मला दिसलं. मी विचारलं.

"ते अर्लचं," डोरीन म्हणाली. "पण सगळ्यांचंच. ओरडणार का, सॅम?"

"मी कशाला ओरडू?"

ओरडलो नाही, कारण रांग भराभर सरकत होती. कार्डाचा वापर वाढलेला दिसत होता, आणि तो आकडा दाखवून मला त्यांच्याच दुसऱ्या कारखान्यांचं काम मिळवायचं होतं. नियम असा होता की एकाचं कार्ड दुसऱ्यानं वापरायचं नाही. तो नियम मीच लिहिला होता.

त्यानंतर लाइनचं उत्पादन घटलं. कर्मचारी विभागाच्या शेरिलनं मला फोन केला. "सॅम, तुझी सिस्टिम एका माणसाच्या कार्डाचा वापर वेळेसकट दाखवू शकते का?"

"काहीही दाखवू शकते," मी म्हणालो. आणि दाखवलं. जेवणाआधी पाठवूनही दिलं. कोणाच्या कार्डाचा, ते मी ते काढताना वाचलं होतं.

त्या कागदावरून कोणालाही वाटलं असतं की अर्ल नावाचा माणूस दिवसभर कॉफीच पितो. सुट्टीआधी, सुट्टीनंतर, काम चालू असताना. त्याला घरी बसवलं आणि कामावरून काढायची बैठक बोलावली. अर्लनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर डोरीन अडकली असती आणि लाइनवरचे सगळे अडकले असते.

बैठकीला शेरिल होती, कारखान्याचे मॅनेजर, अर्ल, केलर आणि यंत्रवाला म्हणून मी. मॅनेजरनी मला एकच प्रश्न विचारला. "सॅम, ही नोंद चुकीची असू शकते का?"

मी म्हणालो, "नाही. सिस्टिम चुकत नाही."

हे खरं होतं. एकेक नोंद बरोबर होती. कार्ड कोणाच्या हातात होतं हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. नोंद कार्डाची असते, माणसाची नसते, हे त्या खोलीत माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. पण दुसऱ्या कारखान्यांचे करार सह्यांना आले होते. अर्ल समोर बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता.

मग केलर म्हणाले, "त्यातल्या काही कॉफ्या माझ्या आहेत."

शेरिलला कळेना. "तुमच्या? किती?"

"मला माहीत नाही. मी मोजत नाही. अर्ल मोजत नाही. फक्त हेर सबनीस यांचं यंत्र मोजतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. गल्ल्याला लावलेलं कार्ड, शुक्रवारची नाणी, सगळं. एकाही कामगाराचं नाव घेतलं नाही. डोरीनचंही नाही. म्हणाले, ती व्यवस्था माझ्या संमतीनं चालू होती, नियमभंग माझा आहे, तसं लिहून घ्या. व्यवस्था त्यांच्या संमतीनं सुरू झाली नव्हती. ते नुसतेच त्यातले एक गिऱ्हाईक होते.

अर्लची नोकरी वाचली. कार्ड दुसऱ्याला वापरू दिलं म्हणून मुकादमकी मात्र गेली, आणि निवृत्तीपर्यंत परत मिळाली नाही. केलरांना अमेरिकेतली मुदत वाढवून मिळणार होती. त्यांच्या पत्नीनं इथे बागेत ट्यूलिपचे कंद लावले होते. मुदत वाढली नाही. नियम मोडणारा हिशेबप्रमुख कोणाला हवा असतो?

खोलीतून बाहेर पडताना ते माझ्या शेजारी आले. मला वाटलं आता बोलतील. ते वाकून म्हणाले, "यंत्राबद्दल तुम्ही खरं बोललात, हेर सबनीस." एवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

मला दुसऱ्या कारखान्यांची कामं मिळाली. ती मी चांगली केली. आणि पुढच्या कोजागिरीला कोणीतरी म्हणालं, काहीतरी गंमत सांगा, आणि मी गोष्टीत केलरांना डबा घेऊन पळवून लावलं. एकदा हशा मिळाला की गोष्ट आपोआप तशीच पुढे जाते.

हे इथवर लिहून सुनंदाला वाचायला दिलं. तिनं चष्मा काढला. "हे तुम्ही मला पण नाही सांगितलं," ती म्हणाली. मग कागद परत देत म्हणाली, "अंकात द्या. पण तो अर्ल मराठी वाचतो का?"

म्हणून लेख अर्धा ठेवून आधी अर्लकडे गेलो. डोरीनकडून पत्ता मिळाला. ती अजून मला सॅमच म्हणते. अर्ल इथून अर्ध्या तासावर राहतो. गराजमध्ये होता, गुडघ्याला पट्टा बांधून लाकडी पक्षीघरं करत बसला होता. मी नाव सांगायच्या आत म्हणाला, "यंत्रवाला."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. की मला कार्डाचं माहीत होतं, आधीपासून, डोरीननं सांगितलं होतं, कागद कोणाचा ते वाचून मी पाठवला, आणि बैठकीत गप्प बसलो. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

अर्लनं पॉलिश पेपर खाली ठेवला. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "केलर निघायच्या आधी म्हणाला होता, सबनीस येईल एक दिवस."

"मग?"

"मग मी म्हटलं, नाही येणार. पैज लावली आम्ही. बरीच वर्षं मीच जिंकत होतो." "मला ती मुकादमकी हवी होती, बरं का. माझ्या बायकोला आनंद झाला होता त्या नोकरीचा. हे तुला माहीत असावं."

"हो," मी म्हणालो.

"तू मला माफ कर वगैरे म्हणशील तर मला काय बोलायचं ते सुचणार नाही. कॉफी घेणार?"

कोपऱ्यात कॉफीचं भांडं होतं आणि फळीवर तो डबा. तोच, झाकणाला चीर असलेला. केलर तो घेऊन जर्मनीला गेलेच नव्हते. जाताना अर्लला देऊन गेले होते. अर्लनं झाकण काढून दाखवलं, आत स्क्रू होते. त्यानं ते बाकावर ओतले, डबा कॉफीच्या भांड्याशेजारी ठेवला, झाकण लावलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग कोटाच्या आतल्या. तीन कार्डं निघाली, फोन निघाला, गाडीची किल्ली निघाली. नाणं एकही नाही. मी कित्येक वर्षांत नाणं जवळ बाळगलेलं नाही.

अर्ल हसला. बैठकीनंतर पहिल्यांदाच तो माझ्यासमोर हसत होता, आणि ते हसू बराच वेळ चाललं. मग त्यानं दोन कप भरले आणि एक माझ्या हातात दिला.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी टाक."